पायाच्या अंगठ्यानं लिहिलेलं नाव

ओहोटीला बोर्डीचा समुद्र लांब मागे सरतो आणि सुरूच्या बनापुढे ओल्या वाळूचा सपाट पट्टा उघडा पडतो. तिथं पायाच्या अंगठ्यानं आपलं नाव लिहून बघा. अक्षर वेडंवाकडं येईल, पण ते तुमचंच असेल. तुमचा ‘र’ कागदावर जसा लवतो तसाच वाळूतही लवेल. अंगठ्यानं जन्मात कधी लिहिलेलं नसताना त्याला हे वळण शिकवलं कुणी?

निकोलाय बर्नस्टाइन या सोव्हिएत शरीरशास्त्रज्ञानं हेच कोडं धसास लावलं होतं. पेन्सिल कधी हातात, कधी मनगटाच्या वर बांधून, कधी बुटाला, कधी चक्क दातांत धरून एकच शब्द लिहिला, तरी वळण तेच राहतं. स्नायू दरवेळी निराळे, हस्ताक्षर एक. म्हणजे ‘हस्ताक्षर’ हातात नसतंच मुळी. त्याचा आराखडा मेंदूत असतो, आणि जो अवयव हाताशी असेल त्याला मेंदू कामाला लावतो. 1881 साली झिगमुंट एक्सनर या शास्त्रज्ञानं मेंदूच्या डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात, लेखनासाठी खास जागा असावी असं सुचवलं. त्या भागाला आजही त्याचंच नाव आहे. पण लिहिताना काम करतात त्या जागा अनेक: आवाज ओळखणारी, अक्षराचा आकार आठवणारी, बोटांचा क्रम ठरवणारी. यातला एखादा दुवा अडखळला की बाकी सगळं तल्लख असूनही मूल कागदापुढे हरतं. यालाच डिसग्राफिया म्हणतात.

आपल्या बाळबोध लिपीत तर हे काम आणखी अवघड. ‘निसर्ग’ लिहा. कानाला आधी ‘न’ ऐकू येतो, मग ‘इ’. कागदावर वेलांटी ‘न’च्या डावीकडे जाऊन बसते. ‘र’ उच्चारात ‘ग’च्या आधी, पण रफार ‘ग’च्या डोक्यावर. तीन अक्षरांत कानाचा क्रम आणि डोळ्याचा क्रम दोनदा उलटतो. त्यात वर मात्रा, खाली उकार, जोडाक्षरं, आणि सगळ्यांवरून एक सरळ रेघ. दहा वर्षांची पोर हे सगळं नकळत करते, तेही नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचं उत्तर आठवत असताना! काही मुलांना हे जमत नाही याचं मला नवल वाटत नाही. बहुतेकांना जमतं, हेच मोठं नवल.

ज्याच्या हाताला सवय लागत नाही त्याला प्रत्येक वेलांटीसाठी थांबून विचार करावा लागतो, आणि तेवढ्यात डोक्यातलं उत्तर निसटतं. असा मुलगा तोंडी विचाराल ते सांगतो आणि पेपरात चार ओळी लिहून येतो. त्याला ‘आळशी’ म्हणणं फार सोपं असतं.

लेखणीआधी हात घडवावा लागतो, ही गोष्ट बोर्डीत ऐंशी वर्षांपूर्वीच ओळखली गेली होती, जरी डिसग्राफिया हा शब्द तेव्हा इथं कुणी वापरत नव्हतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये इथं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं; पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाईंचा वारसा मॉन्टेसरीचा. महागडी साधनं मात्र गावात परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, पानं, माती कामाला आली. मॉन्टेसरीची मूळ कल्पनाच अशी, की हात वेगळा घडवायचा आणि अक्षर वेगळं ओळखायचं, लेखणी नंतर. 1907 मध्ये रोममध्ये सुरू झालेल्या तिच्या शाळेत मुलं खरखरीत अक्षरांवरून नुसती बोटं फिरवत. एक दिवस गच्चीवर एका पोरानं खडूनं धुराड्याचं चित्र काढलं आणि मग आनंदानं ओरडत जमिनीवर पहिला शब्द लिहिला. शब्द होता, ‘हात’.

लेखन म्हणजे ज्ञान नव्हे, ज्ञान बाहेर पडायची ती एक वाट. हे मान्य केलं की परीक्षेतली सवलत मेहेरबानी वाटत नाही. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना 1996 पासून अशा सवलती मिळू लागल्या: वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं डिसग्राफियाचं नाव घेऊन त्याला विशिष्ट अध्ययन अक्षमतेत बसवलं. 2018 च्या केंद्रीय सूचनांप्रमाणे वाढीव वेळ तासामागे किमान 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. हा एक तास किती मोलाचा? 12 सप्टेंबर 2021 च्या ‘नीट’मध्ये डिसग्राफिया असलेल्या मुंबईच्या एका विद्यार्थिनीला तो नाकारून तिचा पेपर काढून घेतला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं फेरपरीक्षा दिली नाही, पण झालेला अन्याय दूर कसा करायचा ते एका आठवड्यात ठरवा, असं परीक्षा घेणाऱ्या संस्थेला बजावलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत, लिहिताना बोटं आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात याच न्यायालयानं सांगितलं होतं की लेखनिकासाठी 40 टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही.

या सवलतींसाठी लागणाऱ्या दाखल्याची वाट मात्र लांब. 2018 च्या नियमांप्रमाणे तपासणी आठव्या वर्षानंतर, मग चौदाव्या वर्षी पुन्हा, अठराव्या वर्षी शेवटची. म्हणजे दहावीची धावपळ सुरू होण्याआधी, आठवी-नववीतच कागद ताजे करून घ्यायला हवेत. बोर्डीच्या आसपास, तलासरी-डहाणूत, आणखी एक पेच आहे. घरात वारली बोली, शाळेत मराठी, बाजारात गुजराती. अशा मुलाचं लेखन चुकतं तेव्हा दोष मेंदूतल्या दुव्याचा की परक्या भाषेचा? इंग्रजी चाचणीनं हे उमगणार नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं ‘डाली’ ही चाचणी हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही बनवली, हे चांगलंच झालं. पण वारली घरातल्या मुलाला मराठीही शाळेतच भेटलेली असते. तिथं बाईंचं, गुरुजींचं निरीक्षणच खरं कामाचं.

राहिला लेखनिक. ‘दुसऱ्यानं लिहिलं तर ते उत्तर याचं कसं?’ असं विचारणाऱ्यांनी नेवाशाला जाऊन यावं. शके 1212 मध्ये ज्ञानदेव बोलत गेले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं. ज्ञानेश्वरीच्या शेवटी त्यांची लेखक म्हणून नोंद आहे. ग्रंथ कुणाचा, हा प्रश्न सातशे वर्षांत कुणाला पडला नाही.

पण सांगून लिहवून घेणं हीसुद्धा विद्या आहे, आणि ती परीक्षेच्या सकाळी येत नाही. वाक्य मनात पुरतं जुळवून मग बोलायचं, लेखनिकाचा हात मागे पडला तर थांबायचं, परिच्छेद कुठे तोडायचा तेही सांगायचं. निबंध एक वेळ निभावतो. भूमितीत मात्र ‘बिंदू क मधून रेषा अब ला लंब काढ, लंबपाद म’ असं नेमकं बोलावं लागतं, आणि त्याचा सराव सहामाहीपासून, शक्यतो वेगवेगळ्या लेखनिकांबरोबर करावा लागतो.