कूस बदला

वडगावला आमची आई अंथरुणाला खिळली. ऐन भातलावणीचे दिवस. माणसे खाचरात, मी शाळेत. सकाळी उताणी निजवलेली आई संध्याकाळपर्यंत तशीच. आठवड्यात माकडहाडापाशी जखम झाली.

तुम्ही म्हणाल, नुसते पडून जखम कशी? हाड आणि अंथरूण यांच्यात कातडी दबते. तिथे रक्त पोचत नाही. कातडी मरते.

नर्सबाईंनी दाखवले. दर दोन तासांनी कूस बदला. ओढू नका, दोघांनी चादरीसकट उचला. पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी. पोटऱ्यांखालीही घडी द्या, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. कातडी लाल वा काळसर दिसली तर चोळू नका. त्या कुशीवर निजवू नका. भरवताना मात्र बसते करा, नाहीतर ठसका लागून घास श्वासनळीत जातो.

मग आम्ही पाळ्या लावल्या. रात्रीची माझी.