न जुळणारे आकडे

मालाची आवक-जावक, येणे-देणे आणि शिल्लक हे सारे आकड्यांत मांडण्याची पिढीजात सवय असलेल्या घरांना कोरोनाच्या साथीने एक विचित्र अनुभव दिला. वहीतील आकडा एकदा ताडून पाहिला की त्याचा अर्थ बदलत नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत मात्र घरोघरी असे आकडे शिरले, की ज्यांचा अर्थ आज एक तर महिन्याभराने दुसराच निघे. बोटावरच्या यंत्राने ९४ दाखवले म्हणजे ठीक, की धोका? स्कोअर २५ पैकी ९ आला, तर रुग्णालय गाठायचे की घरीच थांबायचे? सामान्य माणूस आजाराइतकाच या प्रश्नांनीही थकला.

मार्च २०२० मध्ये पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण आढळले आणि २५ तारखेपासून देश बंद झाला. किराणा व औषधांची दुकाने तेवढी चालू राहिली. गल्ल्यावर बसणाऱ्याची पहिली भीती नोटांची होती. कोणी नोटा वेगळ्या डब्यात दोन-दोन दिवस ठेवल्या, कोणी त्यांवर इस्त्री फिरवली. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या गेल्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडाली. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने सांगितले, की दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. तोवर वर्षभर हातांची साले निघाली होती. मुखपट्टीचेही तसेच. सर्वसामान्यांनी ती वापरावी असे जागतिक आरोग्य संघटनेने ५ जून २०२० रोजी सांगितले. त्याआधी तिचा सूर वेगळा होता. नवा पुरावा हाती आला की मत बदलणे ही विज्ञानाची रीतच आहे. पण ज्याला दुकान सकाळी उघडायचे की नाही हे आदल्या रात्री ठरवायचे असते, त्याला ही रीत परवडत नाही.

स्वयंपाकघरात काढा शिजू लागला. आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्यात तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका होत्या. सुंठ असल्याने कंदमुळे वर्ज्य करणाऱ्या घरांतही तो विनासायास स्वीकारला गेला. अडचण आली ती चौविहार पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांची. दर आठ तासांनी गोळी लिहून दिलेली, आणि सूर्यास्तानंतर पाणीही नाही. काही डॉक्टरांनी समजून घेऊन औषधाच्या वेळा बदलून दिल्या. काही घरांत मात्र आजोबांनी रात्रीची गोळी घेतली की नाही, हे सुनेला दुसऱ्या दिवशी पाकीट मोजल्यावरच कळे.

घरांत सर्वांत वेगाने शिरलेली वस्तू म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. त्यापूर्वी हे यंत्र बहुतेकांनी अतिदक्षता विभागातच पाहिलेले. या आजारात प्राणवायूची पातळी खाली येऊनही रुग्णाला धाप लागत नाही असे आढळू लागले, तेव्हा त्याचे मोल कळले. प्रमाण ९४ च्या खाली गेले, किंवा सहा मिनिटे चालल्यावर ते तीन अंकांनी वा अधिक घसरले, तर डॉक्टरांना कळवावे, असा साधा नियम होता. त्या नियमाने अनेकांना वेळेवर रुग्णालयात पोहोचवले, हे निःसंशय. पण बोट गार असले, नखांना रंग वा मेंदी असली, हात हलला, तरी आकडा बिघडतो. शिवाय डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात दिसून आले, की कृष्णवर्णीय रुग्णांत हे यंत्र प्राणवायू प्रत्यक्षापेक्षा अधिक दाखवण्याची चूक गोऱ्या रुग्णांपेक्षा जास्त वेळा करते. घरच्या माणसांना यातले काही ठाऊक नव्हते. दर दहा मिनिटांनी बोट पुढे होई. ९६ चे ९५ झाले की मुंबईच्या मुलाला फोन जाई, पुन्हा ९७ आले की सर्वांना हायसे वाटे.

त्यात ‘सीटी’ या दोन अक्षरांनी आणखी घोळ घातला. आरटी-पीसीआर चाचणीच्या अहवालात एक सीटी व्हॅल्यू असे आणि छातीच्या स्कॅनवर सीटी स्कोअर. पहिल्यातील सीटी म्हणजे नमुन्यातील विषाणू यंत्राला दिसेपर्यंत किती आवर्तने लागली, ती संख्या. ती जितकी लहान तितका त्या नमुन्यात विषाणू अधिक. दुसऱ्यातील आकडा २५ पैकी. तो जितका मोठा तितकी फुफ्फुसाला इजा अधिक. एक कमी झाल्याने घाबरायचे, दुसरा वाढल्याने. फोनवरून नातलगांना अहवाल वाचून दाखवताना हे दोन्ही सर्रास एकमेकांत मिसळत. वास्तविक पहिल्या आकड्यावरून आजाराची तीव्रता ठरवू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने स्पष्ट केले होते. नमुना घशातून नीट घेतला की नाही, यावरही तो हलतो. दुसऱ्यासाठी तर लोक लक्षणे नसतानाही स्कॅन केंद्राबाहेर उभे राहत. राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये त्याचा दर दोन ते तीन हजार रुपयांवर बांधला, हे ग्राहकाच्या हिताचेच झाले. मात्र दर उतरल्याने गरज वाढत नसते, हा व्यापारातला साधा हिशेब त्या भीतीत हरवला.

एप्रिल २०२१ मध्ये चिंतेचे रूप पालटले. रेमडेसिव्हिरच्या सहा कुप्यांसाठी माणसे औषधविक्रेत्यांच्या दारात रात्रभर बसली. काहींनी दागिने मोडून काळ्या बाजारातून त्या आणल्या. वास्तविक नोव्हेंबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने, मृत्यू टळतो असा पुरावा नसल्याने, रुग्णालयातील रुग्णांना हे औषध देऊ नये असा सल्ला दिला होता. पुढे २०२२ मध्ये, आजार सौम्य असतानाच पण धोका अधिक असलेल्यांसाठी, तिने त्याची सशर्त शिफारस केली. रक्तद्रव उपचार १७ मे २०२१ रोजी आपल्याकडील मार्गदर्शक सूचनांतून वगळण्यात आला. तोवर त्यासाठीही दाते शोधत नातलग शहरभर फिरले होते. प्राणवायूचा तुटवडा ही गोष्ट निराळी. तो खरोखरच जीव वाचवतो आणि तो न मिळाल्याने माणसे गेली.

परंतु आजही कित्येक घरांत एखादा भाऊ किंवा मुलगा मनाशी म्हणत असतो, की तिसरे इंजेक्शन वेळेवर मिळाले असते तर. त्याला कोणीतरी जवळ बसवून सांगायला हवे, की ज्या औषधासाठी तो धावला त्याने मृत्यू टळतो असे तेव्हाही सिद्ध झालेले नव्हते. हे सांगण्याचे काम त्या वेळच्या घाईत राहून गेले.

लसीच्या तारखांनीही ज्येष्ठांना असेच छळले. कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर आधी चार ते सहा आठवडे, मार्चमध्ये सहा ते आठ आणि मे महिन्यात बारा ते सोळा आठवडे झाले. ठरलेली तारीख टळली म्हणजे पहिली मात्रा वाया गेली, या समजुतीने कित्येक आजी-आजोबा अस्वस्थ झाले.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. जुलै २०२० मध्ये विमा नियामकाच्या आदेशाने ‘कोरोना कवच’ पॉलिसी आली. विमा रक्कम पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत, मुदत साडेतीन, साडेसहा वा साडेनऊ महिने. दाव्यासाठी शासनमान्य केंद्रातील चाचणीचा होकारार्थी अहवाल आवश्यक होता. चाचणी नकारार्थी आणि स्कॅनवर मात्र आजार स्पष्ट, अशांची पंचाईत झाली. या पॉलिसीत घरच्या उपचारांचा खर्चही चौदा दिवसांपर्यंत मिळत असे, हे पुष्कळांनी वाचलेच नाही. त्यासाठी डॉक्टरांचा घरी उपचार घेण्याचा सल्ला, आणि रोजचा ताप, प्राणवायू व दिलेली औषधे यांची, डॉक्टरांची सही असलेली नोंद लागे. ज्या घरांत कोणीतरी जुन्या रोजमेळाच्या कोऱ्या पानांवर सकाळ-संध्याकाळचे आकडे तारीखवार लिहून ठेवले आणि वेळच्या वेळी डॉक्टरांची सही घेतली, तेथे कागदपत्रांसाठी नंतर धावाधाव करावी लागली नाही.