शटरला मोटर बसवताय? आधी भिंत, ब्रेक आणि सेन्सर पाहा

लातूरच्या गंज गोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. सकाळी या रस्त्यांवर शटर उघडल्याचा खडखडाट सुरू झाला की बाजार जागा होतो. नांदेडच्या वजिराबादेतही वेगळे चित्र नाही. आता या खडखडाटात मोटरीची घरघर मिसळू लागली आहे. रिमोटचे बटण दाबले की शटर वर. कंबर-गुडघे धरलेल्या दुकानदाराला यासारखी सोय नाही. बंगल्याच्या पार्किंगलाही अशी शटर बसतात. परदेशात गॅरेजच्या दाराशेजारी भिंतीवर मोटर बसवतात, आपल्याकडची ‘साइड मोटर’ त्याच जातीची.

मात्र हाताने ओढायचे शटर आणि मोटरीचे शटर यात एक मोठा फरक आहे. खाली काही अडकले की माणसाचा हात आपोआप थांबतो. मोटरीला ते कळत नाही. ते कळण्याची सोय मुद्दाम करावी लागते आणि काटकसर नेमकी तिथेच होते.

सेंटर की साइड?

दहा बाय दहा फुटांच्या लोखंडी शटरचे वजन ढोबळमानाने सव्वाशे ते दीडशे किलोच्या घरात जाते. हाताच्या शटरमध्ये यातला बराचसा भार वरच्या शाफ्टवरच्या स्प्रिंग पेलतात. सेंटर मोटर शाफ्टच्या मधोमध बसते आणि स्प्रिंग तशाच राहतात. साइड मोटरचे तसे नाही. ती बाजूच्या ब्रॅकेटवर बसते, साखळीने शाफ्ट फिरवते आणि बहुतेक वेळा स्प्रिंग काढून टाकल्या जातात. म्हणजे सगळे वजन त्या साखळीवर आणि मोटरीच्या ब्रेकवर.

साखळी तुटली किंवा शाफ्टचे वेल्डिंग सुटले तर शटर थेट खाली येते. त्यासाठी शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला वेगळा सेफ्टी ब्रेक मिळतो. शाफ्ट अचानक जोरात फिरू लागला की तो जागच्या जागी पकडतो. कोटेशनमध्ये ‘५०० किलोची मोटर’ ठळक लिहिलेली असते, या ब्रेकचा मात्र अनेकदा उल्लेखही नसतो. तो विचारून घ्यावा. मोटर शटरच्या वजनापेक्षा बऱ्यापैकी जास्त क्षमतेची असावी, हे खरे. पण मोठी मोटर घेतल्याने पडणारे शटर अडत नाही.

जुन्या स्प्रिंग काढण्याचे काम घरच्या माणसाने किंवा वायरमनने करू नये. ताण असलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडतो, डोळा जातो. ते शटरच्या मिस्त्रीचेच काम.

भिंत पेलेल का?

मराठवाड्यात हा प्रश्न अंमळ जास्त महत्त्वाचा. जुन्या पेठांमध्ये दगड-मातीच्या रुंद भिंती अजूनही आहेत. दिसायला किल्ल्यासारख्या, पण आतली माती बोल्ट धरत नाही. मातीत रचलेले दगड हादऱ्याने कसे सुटतात, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूरकरांना दाखवले आहे. मोटर रोज दोनदा थोडा हादरा देतेच. अशा ठिकाणी जमिनीपासून लोखंडी खांब उभा करून ब्रॅकेट त्यावर घ्यावे. नव्या बांधकामात आरसीसी कॉलम किंवा बीम शोधावा. चार इंची विटांची भिंत किंवा हलके ब्लॉक यांच्यावर नुसते अँकर बोल्ट मारून भागत नाही.

‘डोळे’ कुठे बसवायचे?

अमेरिकेत गॅरेजच्या दारांखाली लहान मुले सापडून दगावली, तेव्हा १९९३ पासून घरगुती स्वयंचलित दारांना अडथळा ओळखणारी व्यवस्था कायद्याने सक्तीची झाली. तिथली एक साधी चाचणी इथेही करता येते. साधारण दीड इंच जाडीची फळी शटरखाली आडवी ठेवायची आणि शटर खाली सोडायचे. फळीला टेकून ते परत वर गेले पाहिजे. आपल्याकडच्या बऱ्याच साध्या शटर मोटरी या चाचणीत नापास होतील, कारण त्या फक्त ठरवलेल्या लिमिटवर थांबतात.

उपाय दोन. पहिला, दोन्ही बाजूंच्या चॅनलजवळ जमिनीपासून अर्ध्या फुटाच्या आत समोरासमोर फोटो सेन्सर. किरण तुटला की शटर थांबते किंवा मागे फिरते. खरेदीआधी कंट्रोल बॉक्सला सेन्सर जोडता येतो का, हे पाहावे. दुसरा उपाय स्वस्त आहे: बटण दाबून धरले तेवढा वेळच शटर खाली येईल, सोडले की थांबेल, अशी जोडणी. बटण मात्र शटर दिसेल अशाच जागी हवे. घरात बसून रिमोटने बंद करण्याची ऐट यात जाते. जाऊ द्यावी.

वीज, पाऊस आणि आग

शटर म्हणजे लोखंडाचा भला मोठा पत्रा. पावसात वायर सोलली तर सगळ्या पत्र्यात करंट उतरतो. मोटर, चॅनल आणि शटरला पक्के अर्थिंग, वेगळा एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी एवढे लागतेच. शेजारच्या बल्बच्या होल्डरमधून लाइन ओढणे नको.

वीज गेल्यावर हाताने ओढायची साखळी कामी येते. ती आतून हाती लागेल अशी असावी. पुण्याजवळ उरुळी देवाची येथे ९ मे २०१९ च्या पहाटे साडीच्या दुकानाला आग लागली, तेव्हा आत झोपलेले ५ कामगार दगावले. दार बाहेरून बंद होते. तिथे मुद्दा मोटरीचा नव्हता, बाहेर पडण्याच्या वाटेचा होता. आगीत सगळ्यात आधी वीज जाते, म्हणून ज्या दुकानाला मागचे दार नाही, तिथे मोटर बसवण्याआधी दाराचा विचार करावा. निदान पहिल्याच दिवशी मेन स्विच बंद करून दुकानातल्या प्रत्येकाकडून साखळीने शटर उचलून घ्यावे.

आणि जुनी कुलपे. खालचे कुलूप लावलेले असताना कुणी रिमोट दाबला तर मोटर ओढतच राहते; पट्ट्या वाकतात, नाही तर साखळी तुटते. जुन्या कड्या काढून टाकाव्यात, किंवा कुलूप लागताच मोटरीची वीज तोडणारा स्विच मिस्त्रीकडून त्याच दिवशी बसवून घ्यावा.