गुरुवार, दुपारी बारा, व्हॅलेन्सिया

कॅथेड्रलच्या घंटा बाराचे ठोके देऊ लागतात तेव्हा अपोस्टल दरवाज्यासमोरचा चौक माणसांनी भरलेला असतो. बहुतेक सगळे पर्यटक, मोबाइल डोक्याच्या वर धरून उभे. दरवाज्याच्या कमानीखाली लोखंडी कठडा लावलेला, आत चामडी पाठीच्या जुन्या लाकडी खुर्च्या गोलाकार मांडलेल्या. काळे, ढगळ अंगरखे घातलेली आठ माणसं येऊन त्यांवर बसतात. यांच्यात ना कोणी वकील, ना कोणी कायदेपंडित. सगळे शेतकरी. पितळी आकड्याची काठी घेतलेला शिपाई एकेका पाटाचं नाव पुकारतो : या पाटावरचं कोणी आरोपी आहे का? कोणी पुढे येत नाही. पुढचं नाव. पुन्हा शांतता. आठही पाट पुकारून होतात, माणसं उठतात, कठड्याचं दार उघडून निघून जातात. सगळं मिळून पाच मिनिटंसुद्धा नाही. शेजारी उभ्या असलेल्या एका जर्मन बाईंनी माझ्याकडे पाहून ‘एवढंच?’ अशा अर्थाचे खांदे उडवले.

एवढंच. पण हे ‘एवढंच’ दर गुरुवारी, शतकानुशतकं चालत आलेलं आहे. व्हॅलेन्सियाचं हे पाणी-न्यायालय. शहराभोवतीच्या मळ्यांना तूरिया नदीचं पाणी आठ पाटांनी मिळतं. अरबांच्या राजवटीत आखलेली ही व्यवस्था पुढे ख्रिस्ती राजे आले तरी कोणी मोडली नाही. पाटाला इथे जो शब्द आहे, ‘असेकिया’, तोसुद्धा अरबीतूनच आलेला. प्रत्येक पाटावरचे शेतकरी आपला एक प्रतिनिधी निवडतात, आणि हे आठ जण मिळून न्याय देतात. कोणी पाळी नसताना पाणी वळवलं, कोणी पाट साफ केला नाही, कोणी शेजाऱ्याच्या वाफ्यात पाणी सोडून दिलं, अशी प्रकरणं. वकील नाही, कागद नाही, अपील नाही. सगळं तोंडी, आणि तेही व्हॅलेन्सियन भाषेत. आरोपी ज्या पाटावरचा असेल त्या पाटाचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. शिवाय आरोपी नदीच्या उजव्या तीरावरचा असेल तर निकाल सुचवायचा तो डाव्या तीरावाल्यांनी, आणि उलटही तसंच. ज्याच्या घरी उसाला पाण्याची पाळी येण्यावरून भावकीत बोलणं बंद झालेलं आहे त्याला यातली अक्कल वेगळी समजावून सांगायला नको. २००९ मध्ये युनेस्कोने या न्यायालयाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. बहुतेक गुरुवारी खटलाच नसतो, कारण भांडणं इथवर येण्याआधीच मिटतात. पर्यटक हिरमुसतात, शेतकरी नाही.

स्पेनमधल्या समुद्रकाठच्या शहरात चार दिवस ऐटीत घालवायचे म्हटलं की आपल्याकडचे टूरवाले डोळे मिटून बार्सिलोना देतात. बार्सिलोना सुंदरच आहे. पण तिथे तुम्ही गर्दीचा एक भाग असता. व्हॅलेन्सिया स्पेनमधलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर, वस्ती आठ लाखांच्या आसपास. इथे गॉथिक इमारती आहेत, समुद्र आहे, २०२२ मध्ये मिळालेला जागतिक डिझाइन राजधानीचा किताब आहे. मात्र या शहराची खरी ऐट त्याच्या घड्याळात आहे. इथे प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली आहे, आणि ती पाहुण्यासाठी बदलत नाही. सहलीची आखणी ‘काय बघायचं’ या यादीपेक्षा ‘कधी’ या प्रश्नावरून केलीत तर हे शहर पदरात पडतं.

सकाळ बाजाराची. १९२८ मध्ये पूर्ण झालेला सेंट्रल मार्केट म्हणजे लोखंड, काच आणि रंगीत टाइल्स यांचा एक प्रचंड मंडप. घुमटावर वाऱ्याची दिशा दाखवणारा एक पोपट बसवलेला आहे. साडेनऊच्या सुमाराला शिरा. संत्री, केशराच्या डब्या, टांगलेल्या मांड्या, अजून हलणारे मासे, आणि हातगाडीला पिशव्या अडकवून दरावर घासाघीस न करता पण माल मात्र निवडून घेणाऱ्या आज्या. दुपारी तीनला बाजार बंद. रविवारी बंदच.

रस्ता ओलांडला की समोर रेशमाचा बाजार, ला लोन्खा. १४८२ साली बांधायला घेतला, आणि त्याचं मुख्य दालन पंधराएक वर्षांत उभं राहिलं. आत गेल्यावर पहिल्यांदा मान वर जाते. दगडी खांब दोराला पीळ दिल्यासारखे वळत वर जातात आणि छतापाशी ताडाच्या झावळ्यांसारखे पसरतात. भिंतीवर वरच्या बाजूने लॅटिनमध्ये एक मजकूर कोरलेला आहे. जो व्यापारी बोलण्यात लबाडी करत नाही, शेजाऱ्याला दिलेला शब्द मोडत नाही, व्याजाने पैसा लावत नाही, तो धनवान होईल आणि शेवटी त्याला शाश्वत जीवन मिळेल, असा त्याचा आशय. पंधराव्या शतकात या शहराचा पैसा रेशमातून आला. आजही फायास उत्सवात बायका जे घेरदार झगे घालतात त्यांचं भरजरी रेशमी कापड इथे हातमागावर विणतात, आणि त्याची किंमत ऐकून पैठणी घेताना कचरणाऱ्या माणसालाही हायसं वाटेल.

आता जेवणाकडे येऊ, कारण या शहरात सगळे तिथेच येतात. पाएया (आपण पाएला म्हणतो ती) याच मातीतली. पाएया हे मुळात भांड्याचं नाव : रुंद, उथळ, दोन कानांची लोखंडी परात. अस्सल व्हॅलेन्सियन पाएयात मासे नसतात. कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, ‘गार्रोफो’ नावाचा मोठा पांढरा वाल, टोमॅटो, केशर, तेल, पाणी, मीठ, कधी गोगलगायी. जाळ संत्र्याच्या लाकडाचा. तांदूळ एकदा पसरला की चमचा लावायचा नाही. तांदूळ आखूड आणि जाडा, आपल्या आंबेमोहराची आठवण करून देणारा, पण रस पिऊनही दाणा न् दाणा मोकळा राहणारा. थर अगदी पातळ हवा, कारण सगळा जीव तळाशी असतो. तिथे जो तांबूस, कडक, किंचित करपलेला पापुद्रा धरतो त्याला इथे ‘सोकार्रात’ म्हणतात. आपण खरवड म्हणतो. लहानपणी खरवडीसाठी भावंडांशी मारामारी केलेल्या माणसाला इथे परकं वाटायचं काही कारण नाही. घरी किंवा मळ्यात लोक परातीभोवती बसून लाकडी चमच्याने खातात, प्रत्येकाने आपल्यासमोरची फोड संपवायची, दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचं नाही. पाटाच्या पाण्याचाच नियम.

आणि पाएया दुपारची. रात्री नाही. पहिल्या संध्याकाळी मी हे न कळून आठ वाजता एका हॉटेलात पाएया मागवली. आजूबाजूला सगळी परदेशी टेबलं, भात गरम केलेला, खरवडीचा पत्ता नाही. वेटरने जाताना हळूच सांगितलं, ‘उद्या दोन वाजता जेवा, पण इथे नको.’ एका प्रसिद्ध ब्रिटिश शेफने २०१६ मध्ये पाएयात चोरिझो सॉसेज घातलं तेव्हा अख्ख्या स्पेनने त्याला समाजमाध्यमांवर धारेवर धरलं होतं. त्या रागाचा अर्थ मला त्या रात्री कळला. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये, भाज्यांची पाएया सगळीकडे मिळते. फक्त रस्सा कशाचा आहे ते आधी विचारून घ्यावं.

पाएया जिथे जन्मली ती जागा शहरापासून दहाएक किलोमीटरवर आहे. आल्बुफेरा हे गोड्या पाण्याचं उथळ सरोवर. एका वाळूच्या पट्ट्याने ते समुद्रापासून वेगळं झालेलं, आणि भोवती भातखाचरं. शहराची साधी बस एल पालमार या गावापर्यंत जाते. पेरणी मे महिन्यात, कापणी सप्टेंबरात. जुलैत खाचरं अशी हिरवी असतात की कोकणातल्या माणसाला आपण एवढे पैसे खर्चून आलो कुठे असा प्रश्न पडावा. दोन वाजता गावात जेवा, संध्याकाळी नावेत बसा. ब्लास्को इबान्येझने आपली ‘कान्यास इ बारो’ ही कादंबरी याच पाण्यावर रचली.

तिसऱ्या प्रहरी पोटात गारवा हवा. त्यासाठी ओर्चाता. ‘चुफा’ नावाचे छोटे कंद भिजवून, वाटून, गाळून काढलेलं हे पांढरं गोड पेय. दुधाचा थेंब नाही. आपण शेतातून तण म्हणून उपटून बांधावर फेकतो त्या लव्हाळ्याचा हा भाऊबंद. त्यात ‘फार्तोन’ नावाचा लांबट गोड पाव बुडवून खायचा. उपवासाला चालेल का, हे घरातल्या ज्येष्ठांना विचारा.

नकाशावर तूरिया नदी शहराला वळसा घालून जाताना दिसते, पण पुलावर उभं राहिलं तर खाली पाणी नाही. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तूरियाला महापूर आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यानंतर सरकारने नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नव्या पात्रात नेली आणि रिकाम्या पात्रातून महामार्ग काढायचं ठरवलं. लोक चिडले. हे पात्र आमचं आहे आणि आम्हाला ते हिरवं हवं, अशी घोषणा घेऊन ते उभे राहिले, तेही हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीच्या अखेरच्या वर्षांत. १९७६ मध्ये राजाने ते पात्र शहराला देऊन टाकलं. आज तिथे सुमारे नऊ किलोमीटर लांबीची बाग आहे. सायकल भाड्याने घ्या आणि पश्चिमेकडून उतारानेच निघा : जुन्या दगडी पुलांखालून, फुटबॉलच्या मैदानांशेजारून, जमिनीवर आडव्या पडलेल्या अवाढव्य गलिव्हरच्या अंगावर घसरगुंडी खेळणाऱ्या पोरांना बघत. वाटेत सेर्रानोस वेशीचे बुरूज लागतात. यादवी युद्धात माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली चित्रं, वेलास्केझच्या ‘लास मेनिनास’सकट, याच बुरुजांत लपवून ठेवली होती.

त्या नव्या पात्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ढगफुटी झाली तेव्हा जुनं शहर वाचलं. पात्राच्या पलीकडच्या पाइपोर्टासारख्या गावांमध्ये मात्र ओढे फुटून पाणी घरात शिरलं, आणि प्रांतात सव्वादोनशेच्या आसपास माणसं दगावली. दुसऱ्या दिवसापासून शहरातली तरुण मुलं फावडी, खराटे घेऊन पुलावरून चालत तिकडे गेली. हाती पंखा धरून मिरवायची इथली जुनी हौस आहे, आणि ते पंखे बनवणारं आल्दाया हे गावही त्या पुरात सापडलं होतं. आठवण म्हणून काही घ्यायचं असेल तर तिथला हाती रंगवलेला पंखा घ्या. फ्रिजवर चिकटवायचे बैल घेऊ नका.

बागेच्या शेवटी वास्तुरचनाकार कालात्रावाची कला-विज्ञान नगरी. पांढऱ्या काँक्रीटचे डोळे, सापळे, शिरस्त्राणं. कालात्रावा याच शहरातला, त्यामुळे अभिमानही आहे आणि कुरकुरही : २०१३ मध्ये त्याच्या ऑपेरा हाउसच्या अंगावरच्या टाइल्सचे तुकडे गळू लागले आणि सगळं आवरण काढून पुन्हा बसवावं लागलं. माझं मत विचाराल तर संध्याकाळी दिवे लागताना तासभर फिरावं, फोटो काढावेत, निघावं. भर दुपारी तिथे डोळे दिपतात आणि सावली मिळत नाही. वेळ उरला तर तो काबान्यालला द्या.

काबान्याल ही समुद्रालगतची कोळ्यांची जुनी वस्ती. बैठी किंवा दुमजली घरं, प्रत्येकाच्या दर्शनी भिंतीवर वेगळ्या रंगाच्या टाइल्स : निळ्या, हिरव्या, पिवळ्या. शहरातला एक रुंद रस्ता थेट समुद्रापर्यंत न्यायचा म्हणून या वस्तीच्या मध्यातून बुलडोझर जाणार होता. घरं पाडायलाही सुरुवात झाली. रहिवासी वर्षानुवर्षं भांडले आणि तो रस्ता आजही समुद्राच्या अलीकडेच थांबतो. इथे सकाळी दहा-साडेदहाला या. ही ‘एस्मोर्झार’ची वेळ, न्याहारी आणि जेवणाच्या मधल्या खाण्याची. हातभर पावात भरलेलं ऑम्लेट किंवा मांस, बशीभर ऑलिव्ह, भुईमुगाच्या शेंगा, आणि शेवटी ‘क्रेमाएट’ : पेटवलेली रम, साखर, लिंबाची साल, दालचिनी, वर कॉफी. बंदरातले कामगार आणि सुटाबुटातले वकील एकाच बाकावर बसतात, आवाज दोघांचाही तेवढाच मोठा. नंतर पाच मिनिटं चालत मालवारोसाच्या वाळूवर. चित्रकार सोरोयाने आपली उन्हात न्हालेली पोरं इथेच रंगवली.

रात्रीसाठी रुसाफा हा भाग. बुटीक, गॅलऱ्या, जुन्या कपड्यांची दुकानं, नऊनंतर भरणारी रेस्तराँ. चांगले बूट घालून जा, घाईत जाऊ नका.

मार्चमध्ये, फायास उत्सवात गेलात तर हे सगळं विसरा. १ ते १९ मार्च रोज दुपारी दोनला नगरपालिकेसमोरच्या चौकात ‘मास्क्लेता’ होते. ही दिवसाउजेडी वाजवलेली फटाक्यांची माळ. बघायची नसते, ऐकायची आणि छातीत झेलायची असते. गल्लोगल्लीची मंडळं वर्षभर वर्गणी काढून राजकारण्यांची टर उडवणारे उंच पुतळे उभारतात, नंबरासाठी चुरस लागते, गणपतीच्या देखाव्यांची तीच तऱ्हा. फरक एवढाच की १९ तारखेच्या रात्री सगळं जाळून टाकतात, आणि आगीचे बंब शेजारच्या इमारतींवर पाणी मारत उभे असतात. लोकांनी मत देऊन निवडलेले एक-दोन पुतळे तेवढे वाचतात, ते संग्रहालयात जातात. हॉटेलांचे दर त्या आठवड्यात विचारू नयेत असे असतात. एरवी मे, जून किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बरा.

मुंबईहून थेट विमान नाही. आखातात किंवा युरोपात बदलावं लागतं, नाहीतर माद्रिदला उतरून वेगवान रेल्वेने दोनेक तासांत पोचता येतं. शेंगेन व्हिसा लागतो, त्याची तारीख आधी घ्या, हॉटेल नंतर. विमानतळावरून मेट्रो अर्ध्या तासाच्या आत शहराच्या मध्यात सोडते. चार रात्री पुरतात. फक्त बुधवारी संध्याकाळपर्यंत पोचाल असं तिकीट काढा. गुरुवारी साडेअकराला अपोस्टल दरवाज्यासमोर कठड्यापाशी जागा मिळते, बाराला पाच कमी असताना मिळत नाही.