चला, सोबतीने चालू या! नवशिक्यांच्या फेरफटक्यांसाठी स्वयंसेवक कसे मिळवावेत?

"रोज अर्धा तास चालत जा," हा सल्ला आज प्रत्येक दवाखान्यात मिळतो. रुग्ण मान डोलावतो, चार दिवस चालतोही. पाचव्या दिवशी पाहुणे येतात, सहाव्या दिवशी पाऊस येतो आणि चालणे जे थांबते ते थांबतेच. चालण्याचे फायदे ठाऊक नसलेला माणूस आज क्वचितच सापडेल. उणीव असते ती सोबतीची. हृदयविकारातून नुकताच उठलेला गृहस्थ एकट्याने रस्त्यावर जाण्यास घाबरतो. जोडीदार गमावलेली भगिनी दाराबाहेर पडायलाच राजी नसते. अशा माणसाला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी कोणीतरी वाट पाहत आहे, एवढे कळले तरी त्याची पावले उंबरठा ओलांडतात. ही वाट पाहणारी व्यक्ती म्हणजेच स्वयंसेवक.

एका डॉक्टरांचा प्रयोग

या कार्याचे एक चांगले उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. ऑक्सफर्डशायर परगण्यातील सॉनिंग कॉमन या गावी डॉ. विल्यम बर्ड हे रुग्णसेवा करीत होते. केवळ सल्ला देऊन भागत नाही हे ओळखून त्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात आपल्या रुग्णांसाठी गावातच सामूहिक फेरफटके सुरू केले. गटाला वाट दाखवण्याचे काम गावातील स्वयंसेवकांकडे आले. २००० साली ब्रिटिश हार्ट फाउंडेशन व कंट्रीसाइड एजन्सी या संस्थांनी ही कल्पना देशव्यापी केली, तर २०१२ मध्ये रॅम्बलर्स व मॅकमिलन कॅन्सर सपोर्ट यांनी तिची धुरा उचलली. आज तेथील फेरफटके साधारणपणे १० ते ९० मिनिटांचे असतात आणि ते विनामूल्य असतात. स्कॉटलंडमध्येही 'पाथ्स फॉर ऑल' ही संस्था प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या साह्याने असेच कार्य करते.

या श्रमांचे चीज होते का? २०१५ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन' या नियतकालिकात सामूहिक चालण्याविषयीच्या ४२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १,८४३ व्यक्तींचा समावेश होता. रक्तदाब, विश्रांतीच्या वेळची नाडीची गती, शरीरातील चरबी व कोलेस्टेरॉल यांत घट झाल्याचे आणि मनाची उदासीनता कमी झाल्याचे त्यात दिसून आले. सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी चालणे मध्येच सोडले नाही, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. एकट्याने केलेला संकल्प लवकर मोडतो. चारचौघांत केलेला संकल्प तग धरतो.

स्वयंसेवक कोण होऊ शकतो?

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चालण्याचा गट म्हटला की आपली नजर गावातील सर्वांत चपळ व्यक्तीकडे जाते. परंतु जो नेहमी झपझप चालतो, त्याला धापा टाकणाऱ्याची अडचण लवकर उमगत नाही. तो नकळत वेग वाढवतो, नवखा मागे पडतो, ओशाळतो आणि पुढच्या वेळी येतच नाही. याउलट, जिने स्वतः गुडघेदुखी सोसत चालायला सुरुवात केली, ती गृहिणी उत्तम स्वयंसेविका ठरते. वेळेचा काटेकोरपणा, गोड बोलणे आणि माणसांची नावे लक्षात ठेवण्याची सवय, एवढे भांडवल पुरेसे आहे.

काम दोघांत वाटावे. एकाने पुढे राहून वाट दाखवावी व वेग ताब्यात ठेवावा. दुसऱ्याने सर्वांच्या मागे राहावे. नव्या नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते ती तिला परके वाटू नये म्हणून. मागे राहणाऱ्या स्वयंसेवकाचे कामही अगदी तेच. सर्वांत हळू चालणाऱ्याच्याही मागे कोणीतरी आहे, म्हणजे तो कधीच शेवटचा ठरत नाही. या दोन्ही कामांत हे मागचे काम अधिक मोलाचे आहे.

विचारावे कसे?

रविवारच्या मिस्सानंतर "इच्छुकांनी नावे द्यावीत" अशी घोषणा केली की सर्वजण ऐकतात आणि प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणीतरी पुढे येईल. घोषणा जरूर करावी, पण तिच्यावर विसंबू नये. व्यक्तीला भेटून, नाव घेऊन आणि काम नेमके सांगून विचारावे. "समाजकार्यासाठी वेळ द्याल का?" या प्रश्नाने माणूस बिचकतो. "पुढचे दोन महिने, दर शनिवारी सकाळी एक तास, घराजवळच्या वाटेवर मागच्या बाजूला चालाल का?" असे विचारल्यास त्याला होकार देणे सोपे जाते. मुदत संपल्यावर थांबण्याची मोकळीकही आरंभीच द्यावी. निवृत्त शिक्षक, परिचारिका, महिला मंडळाच्या भगिनी, सुट्टीतील महाविद्यालयीन तरुण यांच्यापासून सुरुवात करता येईल. पुढे मात्र नवे स्वयंसेवक त्या गटातूनच घडवावेत. काल बिचकत आलेला मनुष्य उद्या दुसऱ्या बिचकणाऱ्याला धीर देतो.

तयारी आणि सुरक्षितता

स्वयंसेवकांनी वाट आधी स्वतः चालून पाहावी. पहिले फेरफटके २० ते ३० मिनिटांचे, सपाट वाटेचे असावेत. सावकाश चालणाऱ्यांचे एवढ्या वेळात एक ते दीड किलोमीटर अंतर होते. वाहनांची वर्दळ, मोकाट कुत्री, पावसाळ्यातील शेवाळ, सावली, बसण्याची जागा व मध्येच परतण्याची सोय या गोष्टी पारखून घ्याव्यात. वसईसारख्या दमट हवेच्या भागात कोवळ्या उन्हाची वेळ उत्तम. रस्ता अरुंद असल्यास एका वेळी दहा-बारा जणांपेक्षा मोठा गट नेऊ नये.

पहिल्या दिवशी प्रत्येकाचे नाव, घरच्या व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक आणि त्याने स्वतःहून सांगितलेला आजार यांची नोंद करावी व ती गोपनीय ठेवावी. हृदयविकार असलेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेहींनी खिशात साखर वा गोळ्या ठेवाव्यात. योग्य वेगाची खूण सोपी आहे : चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. नवख्याला बोलतानाही धाप लागत असेल, तर वेग कमी करावा. कोणाच्या छातीत दुखू लागल्यास किंवा घेरी आल्यास त्याला लगेच बसवावे आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. औषधोपचार सुचवणे हे स्वयंसेवकाचे काम नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची शिफारस केली. हा आकडा ऐकून नवख्याने दडपून जाऊ नये. अजिबात न चालण्यापेक्षा थोडे चालणे केव्हाही हितकारक, असेही त्याच शिफारशीत म्हटले आहे.

उपक्रम टिकावा म्हणून

असे अनेक गट उत्साहाने सुरू होतात आणि एका व्यक्तीवर अवलंबून राहिल्याने बंद पडतात. ती व्यक्ती आजारी पडली किंवा परगावी गेली की गट विखुरतो. म्हणून किमान चार स्वयंसेवक तयार असल्याशिवाय आरंभ करू नये. दोघांची पाळी असताना दोघांना विश्रांती मिळते. दिवस व वेळ वारंवार बदलू नये. एकच जण आला तरी फेरफटका रद्द करू नये, कारण तो एकटा कदाचित मोठ्या धीराने घराबाहेर पडलेला असतो. सलग दोनदा न आलेल्याची दूरध्वनीवरून आपुलकीने चौकशी करावी, जाब विचारू नये. शेवटी दहा मिनिटे एकत्र बसून चहा घ्यावा. पुष्कळांना पुढच्या आठवड्यात परत आणतो तो हा चहाच.

आपल्या आळीत, वाडीत किंवा इमारतीत असा एखादा तरी शेजारी असेल, ज्याला चालायचे आहे पण सोबत नाही. त्याच्यासाठी आठवड्यातून एक तास देऊ शकतील अशा चार व्यक्ती आपल्या परिसरात निश्चितच आहेत. कदाचित त्यांना आजवर कोणी नाव घेऊन विचारलेच नसेल. येत्या शनिवारपूर्वी आपण त्यांच्यापैकी एकाला विचारावे, आणि दुसरे नाव आपले स्वतःचे लिहावे.