पोशाख शिवकालीन, पायात मात्र स्पोर्ट्स शूज?

डोक्यावर जिरेटोप, कमरेला तलवार, अंगात जरीचा अंगरखा आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज! शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा मंडळाच्या शिवजयंतीला असा एखादा छोटा शिवाजी तुम्हीही पाहिला असेल. पोशाख भाड्याने मिळतो, दागिने किनारी बाजारातून येतात. पादत्राणांची आठवण मात्र सगळ्यांना शेवटच्या दिवशी होते. मग जे घरात असेल ते पायात सरकवले जाते, नाहीतर घाईघाईत कुठला तरी चकचकीत, महागडा जोड विकत घेतला जातो आणि तो एकदाच वापरून कपाटात पडून राहतो.

खरे तर दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ही गोष्ट मुळीच अवघड नाही. ज्या घाटाची पादत्राणे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी वापरली जात, त्याच्या जवळपास जाणारी पादत्राणे आपले कारागीर आजही हाताने बनवतात. फक्त काय घ्यायचे आणि काय टाळायचे, हे ठाऊक हवे.

आधी काळ ठरवा

‘ऐतिहासिक’ म्हणजे नेमके कधीचे? १६७४ चा राज्याभिषेक, १७६१ चे पानिपत आणि लोकमान्य टिळकांचा काळ यांत मोठे अंतर आहे. टिळकांच्या भूमिकेला पुणेरी पगडी आणि उपरण्यासोबत लाल पुणेरी जोडाच शोभतो. दरबारी पात्राला पुढे टोक असलेली मोजडी चालते, तर मावळ्याला साध्या, जाड चामड्याच्या वहाणा बऱ्या. शंका असेल तर टीव्हीवरच्या मालिका पाहू नका. त्याऐवजी मुलांना घेऊन जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात जा. तिथल्या लघुचित्रांत माणसांच्या पायांकडे लक्ष द्या. मुलांसाठी तो एक मजेदार खेळ होईल आणि तुमचेही काम होईल.

काय नको, ते पाहा

खरेदी करताना प्रत्येक गोष्ट अचूक आहे का, हे तपासणे सामान्य माणसाला जमत नाही. पण त्या काळी जे नव्हतेच, ते सहज ओळखता येते.

रबरी तळ नको. रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया १८३९ मध्ये सापडली, म्हणजे पानिपतानंतर तब्बल ७८ वर्षांनी. चेन आणि चिकटपट्टी तर विसाव्या शतकातली. प्लॅस्टिकचे मणी व चमकत्या टिकल्याही टाळा.

आणखी एक गंमत म्हणजे पारंपरिक जुतीत डावा-उजवा असा भेद नसतो. दोन्ही पाय सारखेच असतात आणि वापरता वापरता ते पायाचा आकार घेतात. तेव्हा दोन्ही जोडे अगदी एकसारखे दिसले तर दुकानदाराशी भांडू नका. तीच त्यांची ओळख आहे.

दिल्लीत कुठे शोधाल?

जुन्या दिल्लीतले बल्लीमारान हे पादत्राणांचे जुने आणि मोठे मार्केट आहे. चांदनी चौकातून पायी जाता येते. रविवारी तिकडची बरीच दुकाने बंद असतात, म्हणून शनिवार सकाळ बरी. टोकदार जुतीला इथे ‘सलीमशाही’ म्हणूनही ओळखतात. लग्नासाठीची जरीकामाची जोडी दाखवतील, तिच्या मोहात पडू नका. साधी, तपकिरी, बिनकामाची जुती मागा. ती स्वस्तही पडते आणि रोजच्या कुर्त्यावरही वापरता येते.

जनपथच्या बाजारातही साध्या मोजड्या मिळतात, पण तिथे घासाघीस करावी लागते. कोल्हापुरीसाठी १९९४ मध्ये सुरू झालेल्या आय.एन.ए.च्या दिल्ली हाटमध्ये डोकवा. तिथे वेगवेगळ्या राज्यांतले कारागीर पाळीपाळीने येतात.

अस्सल कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असते. शिलाई चामड्याच्याच वादीने केलेली असते, तिला खिळे नसतात. उंच टाचेची आणि फोम लावलेली ‘कोल्हापुरी’ नाटकासाठी कामाची नाही.

पायांचीही काळजी घ्या

नव्या जुतीने पायाला फोड येतात आणि मग मुलगा ऐन रंगमंचावर लंगडतो. म्हणून कार्यक्रमाच्या निदान १५ दिवस आधी खरेदी करा. आतून टाचेला थोडे तेल लावा आणि रोज अर्धा तास घरात घालून फिरू द्या. चामड्याचा तळ गुळगुळीत फरशीवर घसरतो. त्यावर पॉलिश पेपर घासा किंवा मोच्याकडून पातळ रबर लावून घ्या. ते प्रेक्षकांना दिसत नाही. इथे अचूकतेपेक्षा सुरक्षितता महत्त्वाची!

मुलाला काउबॉय व्हायचे असेल तर?

फॅन्सी ड्रेसमध्ये ही मागणीही असतेच. अमेरिकेत १८६५ नंतर टेक्सासमधून गुरांचे कळप उत्तरेकडे हाकणाऱ्या घोडेस्वारांचे हे बूट. पाय रिकिबीतून निसटू नये म्हणून टाच उंच, काट्यांपासून बचाव व्हावा म्हणून पोटरीपर्यंत चामडे. रंगीबेरंगी नक्षी आणि अणकुचीदार टोक ही नंतरची, सिनेमाच्या काळातली हौस. म्हणून महागडे आयात केलेले बूट घेण्याची गरज नाही. साध्या तपकिरी चामडी बुटांवर त्याच रंगाचे पोटरीपर्यंतचे कव्हर शिवून घ्या. दुरून ते जुन्या काळच्या साध्या बुटांसारखेच दिसेल.

पैसे कोणाच्या हाती?

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. २०२५ मध्ये एका इटालियन फॅशन कंपनीने तशाच घाटाच्या चपला मिलानमध्ये दाखवल्या, पण सुरुवातीला कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही, तेव्हा देशभर संताप झाला. संताप योग्यच होता. पण कारागिराचे घर संतापाने चालत नाही, ते विकल्या गेलेल्या जोडावर चालते.

म्हणून या वेळी शिवजयंतीला प्लॅस्टिकच्या मोजडीऐवजी हाताने शिवलेला जोड घ्या. मुलाला तो कोणी आणि कसा बनवला, हेही सांगा. कार्यक्रम संपल्यावर जोड कपाटात जाणार नाही आणि इतिहासही पुस्तकात बंद राहणार नाही.