मेळघाटातला उन्हाळा

हमखास वाघ दिसावा म्हणून मेळघाटात जाऊ नये. त्यासाठी ताडोबा आहे. इथे सातपुड्याची गाविलगड रांग, खोल दऱ्या आणि साग-बांबूची दाटी. वाघ शंभर हातांवर असला तरी दिसेलच याची खात्री नाही. तरीही १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा देशभरातून निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत महाराष्ट्रातले हे एकटेच होते.

या जंगलाचा सगळा कारभार उन्हाळ्यात पाण्यावर चालतो. खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या नद्या इथल्या डोंगरांतून तापीकडे धावतात. पावसाळ्यात त्यांना उतारच पडत नाही. पण जमीन काळ्या कातळाची आणि उतार उभे, त्यामुळे पाणी मुरायला सवड नसते. होळी सरता सरता धार तुटते आणि उरतात ते डोह. साग तोवर निष्पर्ण झालेला असतो. सावली शोधायची तर नाल्याकाठच्या जांभूळ-अर्जुनांखालीच. सांबर, रानगवा, अस्वल, रानकुत्री अशा सगळ्यांच्या वाटा मग त्या डोहांना येऊन मिळतात, आणि वाघालाही भक्ष्यामागे फार भटकावे लागत नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी मोजण्याची प्रथा पडली ती याच हिशेबाने. कॅमेरा ट्रॅप आल्यावर शास्त्रीय गणनेत तिला फारसे स्थान उरलेले नाही. हौशी लोक मात्र अजून मचाणासाठी धडपडतात.

पर्यटकाला भकास वाटणारे हे उघडे सागवन रानपिंगळ्याला मानवते. हे छोटे घुबड भरदिवसा शिकार करते. वाळक्या फांदीवर बसून सरडे, उंदीर हेरते. १८८४ नंतर त्याची खात्रीशीर नोंदच नव्हती, म्हणून ते नामशेष झाले असे धरले गेले. १९९७ मध्ये ते आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ सापडले आणि पुढे मेळघाटातही. माझ्या मते इथे दुर्बीण न्यावी ती याच्यासाठी.

गवताची कथा इतकी सरळ नाही. जंगलाच्या गाभ्यातली बोरी, कोहा, कुंड ही गावे सर्वांत आधी बाहेर हलवली गेली, नंतर आणखी कितीतरी. तिथल्या कोरकू आदिवासींची शेते होती तिथे आता कुरणे आहेत. वनखात्याने तण काढून गवत वाढवले, त्यावर रानगवे आणि सांबर चरू लागले. वाघाच्या दृष्टीने याहून चांगले काही घडले नसते. पण सपाटीवर अकोट तालुक्यात गेलेल्या काही कुटुंबांना जमीन आणि रोजगाराची आश्वासने पुरी झाली असे वाटले नाही. ती जुन्या गावांत परतली, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांची वनकर्मचाऱ्यांशी हाणामारी झाली. पुनर्वसनाचे यश सांगताना वाढलेल्या कुरणांची छायाचित्रे आवर्जून दाखवली जातात. त्यांच्या शेजारी त्या कुटुंबांच्या सातबाऱ्याची प्रतही लावायला हवी.